द्वारका सिस्टरचे सहा मासे

चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. तेवढ्या काळात हजेरी किती वेळा घेतली ते देव जाणे, पण लाज वाटते ती एकाच हजेरीची. ती मी निवृत्त झाल्यावर, माझ्याच घराच्या पडवीलगतच्या खोलीत, सहा बाप्यांची घेतली. सहाही जण नशेची इंजेक्शनं घेणारे होते आणि आपलं नाव कोणाला कळू नये या एकाच अटीवर तिथे येत होते. मी त्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं, वहीत लाल शाईने रकाने आखले आणि खड्या आवाजात, बापाच्या नावासकट, एकेकाला हाक मारली. दार उघडं होतं. दारासमोर एसटीचा थांबा आहे. थांब्यावर अर्धा गाव उभा होता.

"पण का गं आजी?" असं माझी नात अजून विचारते. तिला सांगते, बाय माझी, मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची तरुणी होते आणि त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. आता सत्तरी उलटली. काय काय कळत नाही त्याची यादी तरी हाताशी आहे.

माझ्या शहाणपणाचं पुढे येईलच. सांगायचंय ते द्वारका सिस्टरबद्दल. बंदराचं नाव सांगत नाही. नावं सांगून मी एकदा पुरेसा घोळ घातला आहे. मालवणपासून फार लांब नाही एवढं पुरे.

द्वारका सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. गाबिताघरची लेक, आई टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची. सिस्टर उंचीने माझ्या खांद्याला लागायची, पण तिच्यासमोर उभं राहिलं की आपणच बुटके आहोत असं वाटायचं. हातात बारा महिने छत्री. ऊन असो, पाऊस असो, ती छत्री कधी उघडलेली मी पाहिली नाही. ती माणसं बाजूला सारायला होती. भेटल्यावर लोक 'बरी मां?' विचारतात, सिस्टर म्हणायची, "जीभ दाखव." एका गणपतीत आरती चालू असताना तिला भटजींचा घसा बसलेला वाटला. तिने पुढे जाऊन तेच म्हटलं. भटजींनी हातातली आरती खाली न ठेवता जीभ बाहेर काढली. पाठचे आम्ही सगळे टाळ वाजवत राहिलो, कारण काय करायचं ते कोणालाच कळेना.

तर ही बाई एका दुपारी माझ्या पडवीच्या पायरीवर येऊन बसली. पडवीला लागून एक खोली आहे, तिच्यात मी नारळ ठेवायचे.

"बाईनू, ती नारळाची खोली माका व्हयी," ती म्हणाली.

"कित्याक?"

"नशेची इंजेक्शना घेणाऱ्यांका नवी सुई देवची आणि जुनी काढून घेवची. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारच्यान. मुंबयची एक संस्था आसा, ती सगळा सामान धाडतली."

"म्हणजे नशा करूक मदत?"

"नशा ते तशेय करतत. पण सुई एक आणि माणसा सहा. एकाच्या रक्तातलो आजार सहांच्या रक्तात जाता, मगे त्यांच्या बायलांका. नशा सुटाक वर्सा जातली. तवसर त्यांका जिवंत ठेवक नको?"

त्यावर मी शाळेतल्या आवाजात, शुद्ध भाषेत सांगितलं, "आमच्या गावात असले लोक नाहीत, सिस्टर."

तिने पिशवीतून प्लास्टिकचा एक जाड डबा काढला. त्यात चार वापरलेल्या सुया होत्या. माझ्या फाटकापासून बंदरापर्यंतच्या पुळणीत तिला त्या सकाळीच सापडल्या होत्या.

"मगे हे काय मासळीचे काटे आसत?" तिने विचारलं.

मी खोली दिली. पुढे सगळ्यांना सांगत सुटले की समाजसेवा म्हणून दिली. खरं कारण वेगळं होतं. नाही म्हटलं असतं तर आत कोण येतं ते मला दिसलं नसतं.

आणि यायचे ते सहा जण. चार मच्छीमार बोटीवरचे खलाशी, एक रिक्षावाला, एक सुतार. सिस्टरचा पहिला नियम होता, नाव विचारायचं नाही. पण माणसाला हाक तर मारावी लागते. मग तिने आईच्या टोपलीतली नावं काढली आणि सहांना वाटली: बांगडो, पेडवो, सौंदाळो, मोरी, बोंबील आणि लेपो. बोंबील हे नाव तिने सगळ्यांत आडव्या माणसाला दिलं. तो बाकावर बसला की दुसरं टोक वर यायचं. लेपो हा चपटा मासा तळाशी चिखलात गप पडून असतो. तसाच आमचा लेपो यायचा, भिंतीला चिकटायचा आणि सुई बदलून निघून जायचा. वाचणाऱ्यांनी बाकीचे मासे विसरले तरी चालेल, लेप्याला तेवढं लक्षात ठेवा. त्याचं खरं मासळीचं नावही हे नव्हे, आणि हे सगळं त्याला वाचून दाखवूनच छापायला देते आहे. माणूस म्हातारपणी का होईना, शिकतो.

ही नावं सिस्टरच्या जिभेवर इतकी बसली की एकदा जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला आले तेव्हाही सुटली नाहीत. सिस्टर कचेरीतल्या माणसाशी मालवणी बोलायची नाही. तिची एक ठेवणीतली मराठी होती, ती ती पैठणीसारखी बाहेर काढायची. साहेबांनी विचारलं, आज किती जण आले? सिस्टर उभी राहिली, छत्री काखेत धरली आणि म्हणाली, "आजमितीस एक बांगडा, एक पेडवा आणि एक बोंबील यांनी सदर सेवेचा लाभ घेतलेला आहे, महोदय." साहेब शाकाहारी होते. त्यांनी काहीही न विचारता सही केली.

आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. कालवण आलं असेल तर वाटीतून काहीतरी परत जातं. काही नसेल तर चिमूटभर साखर. सिस्टर ही रीत इतकी कडक पाळायची की मला तिचा धाक वाटायचा. मी तिसऱ्यांचं सुकं दिलं की वाटीतून भाजलेले काजू यायचे. काजू नसले तर चार आमसुलं, आमसुलं नसली तर एकदा नुसतं जास्वंदीचं फूल आलं आणि एकदा तापाच्या दोन गोळ्या. सुयांचंही ती तसंच बघायची. म्हणायची, "जुना हाडलंस की नवा गावतला." एखादा रिकाम्या हातांनी आला तरी ती त्याला परत पाठवायची नाही, नवी सुई द्यायचीच, पण तोंडाने असं काही सोलायची की पुढच्या खेपेला तो दुसऱ्याच्याही जुन्या सुया डब्यातून घेऊन यायचा.

एकदा तिने सगळ्यांना सोलकढी दाखवली. पाजली असं लिहीत नाही, कारण पाजायची नव्हती. बाकावर सहा पेले मांडले, सहांत नारळाचं पांढरं दूध. पहिल्या पेल्यात कोकमाचं आगळ ओतलं, चमच्याने ढवळलं आणि तोच चमचा न धुता दुसऱ्यात, तिसऱ्यात, असा शेवटपर्यंत नेला. पहिला पेला लालभडक झाला, शेवटचा फिकट गुलाबी. पांढरा एकही राहिला नाही.

"आगळ मी कितक्यांत घातलंय?" सिस्टरने विचारलं.

"एका पेल्यात," पेडवो म्हणाला.

"आणि गेला कितक्यांत?"

 बोंबील आपल्या हाताकडे बघत राहिला. तेवढ्यात मी दारातून म्हटलं, "मीठ कमी आसा." माझ्या हातात चौथा पेला होता, अर्धा प्यायलेला.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं आणि त्या सहांना म्हणाली, "बघलास? आजार असोच जाता. शिकलेल्या माणसाकसुद्धा कळणा नाय."

गाव अर्थातच गप्प बसला नाही. एका शुक्रवारी मासेवाल्या बायका टोपल्या खाली ठेवून माझ्या अंगणात आल्या. पुढे जनाबाय. तिचा आवाज लिलावात बंदराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा.

"गो द्वारके, तुझी आवस आमच्या वांगडा बसान मासळी विकी. आणि तू हंय नशेवाल्यांका सुयो वाटतंस? बंद कर ह्या."

सिस्टर म्हणाली, "पाय दाखव."

"काय?"

"पाय गो. उजवो."

जनाबाय भांडायला आली होती, पण सिस्टरला नाही म्हणणं भटजींना जमलं नव्हतं, ते जनाबायला काय जमणार. तिने पायरीवर पाय ठेवला. तळव्याला जुना काळा डाग होता.

"ह्या काय झाला?"

"गेल्या पावसाळ्यात पुळणीत कायतरी टोचला. म्हयनोभर लंगडत होतंय."

सिस्टरने आतून तो जाड डबा आणला आणि जनाबायच्या कानाजवळ हलवला. आतल्या सुया खडखडल्या.

"आयक. ह्या सगळा तुमच्या पायांखाल पडलेला. आता डब्यात आसा. तुका व्हया तर बंद करतंय. पण मगे ह्यो डबो पुळणीत रिकामो करूचो लागतलो. सांग, खंयच्या बाजूक करू? तू खंयसून चलतंस?"

जनाबायने पाय खाली घेतला. थोडा वेळ तिने टोपलीवरच्या फडक्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मग म्हणाली, "होडयेच्या शेडीपाठी दोन पडलेत. काल बघितलंय." आणि मागच्या बायकांना, "चला गो, मासळी कुसतली."

तेव्हापासून त्या बायका सुई दिसली की सिस्टरला सांगायच्या आणि सिस्टर जाड हातमोजे घालून चिमट्याने ती उचलून आणायची. चिमटा माझा होता, पापड भाजायचा. मी तो कधी परत मागितला नाही. पापड त्यानंतर बरेच दिवस हाताने भाजले, चटके सोसून.

असं सात-आठ महिने चाललं. मधे सिस्टरने सहांचं रक्त तपासून घेतलं. निकाल आल्यावर ती माझ्या पडवीत चहा घेत बसली होती, आणि तोंडून एकच वाक्य निसटलं: "सहांतल्या एकाक आजार आसा. पाच जण बरे आसत." कोण तो, हे मी तिला त्या दिवशी चार वेळा विचारलं. पाचव्यांदा तिने मलाच जीभ दाखवायला सांगितली.

आता माझा शुक्रवार.

सिस्टरला कणकवलीला बैठकीसाठी जायचं होतं. किल्ली माझ्याकडे देताना तिने सांगितलं, "दार उघडा. जुनी सुई त्यांका आपल्या हातान डब्यात टाकूक सांगा, तुमी हात लावा नकात. नवी पुडकी द्या. आणि तोंड घराक ठेवन या."

माझं घर आणि ती खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. तोंड फार लांब ठेवता आलं नाही.

दुपारी सहाही जण आले. लेपो नेहमीप्रमाणे भिंतीला चिकटला, आणि मला एकदम दिसलं की तो एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा आहे. तसं उभं राहणारा एक मुलगा माझ्या चौथीच्या वर्गात होता. "अरे, तू तर माझा विद्यार्थी," मी म्हटलं, आणि त्याचं नाव घेतलं. मग दुसऱ्याकडे निरखून पाहिलं. तोही माझाच. बोंबील तर दोनदा माझा. एकदा नापास झाला होता.

शहाणी बाई इथे थांबली असती. मला वाटलं, सिस्टरकडे एवढं मोठं काम, पण साधं हजेरीपत्रक नाही. आपण करून ठेवलं तर परत आल्यावर खूश होईल. मी वही काढली. रकाने आखले: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वाडी, जुनी सुई, नवी सुई आणि शेरा. मग त्यांना रांगेत उभं केलं आणि वर्गातल्या आवाजात सुरुवात केली. मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त कशाचं वाईट वाटत असेल तर ते म्हणजे त्यांनी उत्तर दिलं. चाळिशीचे बाप्ये, दाढी वाढलेले, एक तर स्वतः दोन मुलांचा बाप, नाव पुकारलं की ताठ होऊन म्हणायचे, "हजर, बाई." सवयच लावली होती मी. शेऱ्याच्या रकान्यात मी सहाही जणांपुढे लिहिलं, 'सुधारणेस वाव आहे.'

मान वर केली तेव्हा थांब्यावरचे लोक आत बघत होते. त्या दिवशी एसटीही उशिरा आली, म्हणजे ऐकायला सगळ्यांना भरपूर वेळ मिळाला. संध्याकाळपर्यंत बातमी बोंबलाच्या सासरवाडीला, वालावलला पोचली.

मंगळवारी कोणी आलं नाही. शुक्रवारी कोणी आलं नाही. सिस्टर दोन्ही दिवस खोली उघडून, छत्री मांडीवर आडवी ठेवून, बाकावर तीन तास बसली आणि कुलूप लावून गेली. मला एक शब्द बोलली नाही. मी आपली कधी घावणे पाठवले, कधी खापरोळ्या पाठवल्या. पुढच्या मंगळवारी ती वाटी परत द्यायला आली. मी हात पुढे केला. वाटी रिकामी होती. चिमूटभर साखरसुद्धा नव्हती.

मी वाटी धरून उभी राहिले. तेव्हा ती म्हणाली, "बाईनू, आता ते सहाय जण परत एका सुयेवर आसत. आजार एकाक आसा. पाचांक नाय. म्हणजे आज नाय."

ती गेल्यावर मी हजेरीची वही न्हाणीघरातल्या चुलीत घातली. पाणी तापलं, पण आंघोळ काही करवली नाही. लुगडं बदललं आणि सिस्टरच्या घरी जाऊन म्हटलं, "मी जातंय बंदरावर. तेंची माफी मागतंय."

"जावा," ती म्हणाली. "फकत थंय छापील भाषेत बोला नकात."

ती माझ्याबरोबर आली, पण धक्क्याच्या अलीकडे एका माडाखाली पाठ करून उभी राहिली. खलाशी सावलीत जाळं दुरुस्त करत होते, रिक्षावाला आणि सुतार तिथेच बाजूला बसले होते. मी जवळ गेले तसे सहाही जण जाळ्याकडे बघू लागले. मी वाटेत जुळवलेलं भाषण सगळं विसरले.

"माझा चुकला," मी म्हटलं. "वही जाळलंय."

लेप्याने हातातलं जाळं सोडलं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तो एवढं लांब बोलला. "बाई, चौथीत तुमी माका नाव घेवन फळ्याकडे उभो केल्लास. सातचो पाढो येय नाय म्हणान. तेव्हा वर्ग हसलो. ह्या टायमाक गाव हसलो. माझ्या आवशीन दोन दिस भायर तोंड काढूक नाय."

 मी आयुष्यात प्रथमच गप्प राहिले, आणि तेच बरं झालं असावं, कारण बोंबलाला माझी दया आली.

"रे, बाईकय एक नाव देवया," तो म्हणाला. "मगे फिट्टमफाट."

कोणता मासा द्यायचा यावर जी चर्चा झाली ती मी इथे पूर्ण देत नाही. कोणी म्हणालं कुर्ली, उगाच चावते म्हणून. कोणी तारली म्हटलं, तर दुसऱ्याने सांगितलं की तारलीत बरेच चांगले गुण असतात. शेवटी पेडवो म्हणाला, "सुंगट. सुंगटाच्या टकलेत काय भरलेला आसता ता सगळ्यांका म्हायत आसा." कोळंबीचं डोकं साफ केलेल्या कोणत्याही बाईला ते माहीत असतं. ठराव एकमताने पास झाला. मग लेपो उभा राहिला, धक्क्यावर लिलावाला जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "सुंगट."

मी इकडेतिकडे बघितलं. जनाबाय टोपलीवर हात ठेवून ऐकत होती.

"हजर," मी म्हटलं.

"आयकाक येवक नाय."

"हजर, रे."

माडाखाली पाठ करून उभ्या असलेल्या सिस्टरचे खांदे हलत होते. रडत असेल असं समजून मला गहिवरून आलं. जवळ गेले तर बाई पदर तोंडात कोंबून हसत होती.

त्या शुक्रवारी बोंबील आला. मंगळवारी आणखी तिघे. पेडवो त्याच्या पुढच्या आठवड्यात. लेपो सगळ्यांत शेवटी आला, भिंतीला चिकटला, आणि जाताना मला म्हणाला, "येतंय, सुंगटानू." आदरार्थी हाक मारली याचा मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन आरशात बघितलं.

पण मधले तीन आठवडे गेले ते गेलेच. त्या दिवसांत ते एकाच सुईवर होते, हे त्यांनी सिस्टरला कबूल केलं होतं. एवढ्यात कोणाला लागण झाली असली तरी रक्तात लगेच दिसत नाही. तीन महिने थांबून परत तपासावं लागतं. ते तीन महिने मी कसे काढले ते माझ्या घरच्यांना विचारा. भात करपायचा, दिवा लावायची विसरायचे, आणि देवळात गेले की देवीसमोर पाच बोटं पसरून उभी राहायचे. पुजाऱ्याला वाटलं पाच नारळांचा नवस आहे.

तीन महिन्यांनी रक्त गेलं, निकाल आला. सिस्टरने पाकीट उघडलं, वाचलं, आणि घडी करून पोलक्यात ठेवलं.

"काय इला?" मी विचारलं.

"तुमचा नाव आसा काय त्यात?"

"नाय."

"मगे."

सहा जणांना तिने एकेकट्याने आत बोलावून सांगितलं. मी भिंतीला कान लावला होता. सिस्टरने पलीकडून छत्रीच्या दांड्याने नेमकी तिथेच भिंत ठोठावली. नंतर मी लाच देऊन पाहिली. बांगड्याचं तिखलं झालं, नारळाच्या रसातल्या शेवया झाल्या, फणसाची भाजी झाली. ती सगळं बोटं चाटून खायची आणि वाटीतून काजू पाठवायची. काजू मिळाले, बातमी नाही. मी चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला, पण आमच्या बंदरावर आजारी कोण आणि उन्हाने रापलेला कोण हे चेहऱ्यावरून कोणाला सांगता आलंय? वर्ष गेलं. मला वाटायचं, पाचाचे चार झाले असतील तर तो एक माझ्या नावावर. मग वाटायचं, तीन असतील. हे कोणाला बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

काम सुरू होऊन दोन वर्षं झाली तेव्हा संस्थेची मुदत संपली आणि ते काम सरकारी दवाखान्याकडे गेलं. सिस्टर शिरोड्याला लेकीकडे राहायला जाणार होती. तिला पोचवायला मी बाजाराची पिशवी हातात घेऊनच स्टँडवर गेले. लेपो तिची ट्रंक खांद्यावर घेऊन आला होता. तोवर तो दवाखान्यातलं, नशेची तलफ शमवणारं, जिभेखाली विरघळवायचं औषध घेऊ लागला होता आणि सुई त्याने जवळजवळ सोडली होती. ट्रंक टपावर चढवून तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

सिस्टरला खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटायला अजून पाच मिनिटं होती. मी मनाशी ठरवलं होतं की शेवटचं एकदा विचारायचं. आता तरी सांगेल. खिडकीचे गज धरून मी हळूच म्हटलं, "सिस्टर, आता तरी सांगा गे. कितके झाले?"

उत्तर आलं नाही. वाकून पाहिलं तर बाई गाढ झोपली होती. दोन वर्षं मी तिला भिंतीला टेकलेलीही पाहिली नव्हती, आणि आता ड्रायव्हर गाडीत चढायच्या आधीच तिने तोंड उघडं टाकून घोरायला सुरुवात केली होती. मान एकीकडे कलली होती, एक चप्पल पायातून सुटून पुढच्या बाकाखाली गेली होती. झोपली होती की झोपेचं सोंग घेतलं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. गाडी हलली. तिचं डोकं खिडकीच्या चौकटीवर दोनदा आपटलं, तरी डोळे उघडले नाहीत. मला ती दिसली ती तेवढीच.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी हात तसाच वर धरून उभी होते.  लेपो रस्त्याकडे बघतच म्हणाला:

"बाई, ती तुमका कधीच सांगूची नाय, म्हणान मी सांगतंय. आमी सहाय जणांनी एकामेकांक सांगलेला आसा. सहांतल्या एकाक आजार होतो. अजून एकाकच आसा. तो मी. चला आता, ती पिशवी हंय द्या."